त्वचा न सोलता चेहऱ्याचं लेसर: निर्णयापासून सहाव्या महिन्यापर्यंत

चेहऱ्यावर लेसर करून घ्यायचं मनात आलं की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "किती दिवस घरी बसावं लागेल?" नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह (म्हणजे त्वचेचा वरचा थर न उडवणाऱ्या) लेसरच्या बाबतीत त्याचं उत्तर ऐकायला फार बरं वाटतं. एक-दोन दिवस लाली, फार तर तीन-चार दिवस सूज आणि थोडा खरखरीतपणा, की माणूस परत कामावर. या उत्तरावर खूश होऊन लोक तारीख ठरवतात. दोन आठवड्यांनी आरशात पाहतात, फारसा फरक दिसत नाही आणि ते खट्टू होतात. म्हणून विचारायला हवे ते प्रश्न वेगळेच आहेत: फरक दिसायला किती महिने लागतील, आणि तोवर चेहरा उन्हापासून जपणं मला जमणार आहे का?

ज्या क्रमानं निर्णय घ्यावे लागतात त्याच क्रमानं पुढे लिहिलं आहे. तपासणी डॉक्टरच करतील. पण काय विचारायचं, काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे आधी ठाऊक असेल तर त्या खोलीत तुम्ही गोंधळलेले नसाल.

आधी हे समजून घ्या: आत नेमकं काय घडतं

चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याखालचा थर साधारण एक ते दोन मिलिमीटरचा. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन राहतं ते या खालच्या थरात. वयानं आणि त्याहून जास्त उन्हानं ते विरत जातं, तुटतं आणि चेहऱ्यावर बारीक रेषा उमटतात.

जुनी, जोरकस पद्धत म्हणजे अ‍ॅब्लेटिव्ह लेसर. १०,६०० नॅनोमीटरचा (हा आकडा प्रकाशाची तरंगलांबी सांगतो; लेसर कशात शोषला जाईल हे तिच्यावरून ठरतं) कार्बन डायऑक्साइड लेसर किंवा २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम-याग लेसर त्वचेतल्या पाण्यात इतक्या जोरानं शोषला जातो की वरचा थर वाफ होऊन उडून जातो. परिणाम ठसठशीत मिळतो. मात्र पूर्ण चेहऱ्यावर केल्यास आठवडा-दोन आठवडे चेहरा ओला आणि उघडा राहतो, लाली कधी कधी काही महिने टिकते आणि जंतुसंसर्ग, व्रण, रंग बिघडणं हे धोके बरेच वाढतात.

नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह लेसर वरचा थर जागेवर ठेवतो आणि उष्णता खाली पोहोचवतो. त्यासाठी बहुतेक यंत्रांमध्ये वरून गारवा देण्याची सोय असते: थंड नीलमण्याची काच, गार हवेचा झोत किंवा गारवा देणारा फवारा. खालच्या थरात तापमान साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तिथलं कोलॅजन आकसतं, थोडं बिघडतं. शरीराच्या लेखी ती जखमच. मग दुरुस्ती सुरू होते आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. हे काम तीन ते सहा महिने चालतं. पहिल्या दोन दिवसांत रेषा भरल्यासारख्या दिसतात ती सूज असते. तिला परिणाम समजू नका. सूज उतरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी "होतं तसंच झालं" असं वाटतं. त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. खरं काम तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं.

या शास्त्रातली दोन वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी दाखवून दिलं की योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधीचा स्पंद (प्रकाशाचा क्षणिक ठोका) निवडला तर प्रकाश फक्त ठरावीक लक्ष्य तापवतो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. ती लक्ष्यं तीन: मेलॅनिन हे रंगद्रव्य, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पाणी. दुसरं वर्ष २००४. डीटर मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. तीत सगळा चेहरा सलग न तापवता केसाइतक्या जाडीचे हजारो सूक्ष्म खांब तापवले जातात आणि मधली त्वचा अबाधित राहते. त्या निरोगी पट्ट्यांमधून नव्या पेशी सरकत येतात, म्हणून भरून येणं झपाट्यानं होतं. आज चेहऱ्यासाठी "नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह" म्हटलं की बऱ्याचदा याच फ्रॅक्शनल लेसरबद्दल बोलणं चाललेलं असतं.

पहिली पायरी: तक्रारीला नाव द्या

"चेहरा ताजातवाना व्हावा" ही इच्छा आहे, तक्रार नव्हे. यंत्र तक्रारीवर निवडलं जातं. म्हणून दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, मेकअप न करता आरशासमोर बसा आणि काय खटकतं ते कागदावर लिहा. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा? मुरुमांनी पडलेले खड्डे? तपकिरी डाग? नाकाच्या बाजूला दिसणाऱ्या लाल केशवाहिन्या? मोठी दिसणारी छिद्रं? की हनुवटीखाली लोंबणारी त्वचा?

लोंबणारी त्वचा हीच मुख्य तक्रार असेल तर इथेच थांबा. नॉन-अ‍ॅब्लेटिव्ह लेसर सैल त्वचा वर उचलत नाही. कपाळावर भुवया उंचावल्या की पडणाऱ्या आठ्या स्नायूंमुळे असतात, त्यांच्यावरही लेसरचा फार उपयोग नाही. असं असताना कोणी एकाच यंत्रानं सगळं करून देण्याची भाषा करत असेल, तर तिथून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारीक रेषा, खरबरीत पोत आणि मुरुमांचे उथळ खड्डे यांच्यासाठी १,५४० किंवा १,५५० नॅनोमीटरचा फ्रॅक्शनल अर्बियम ग्लास लेसर हा सगळ्यांत जास्त वापरला गेलेला आणि अभ्यासला गेलेला पर्याय आहे. त्याचं लक्ष्य पाणी असतं, त्यामुळे रंगद्रव्याशी त्याचा थेट संबंध कमी येतो. उन्हानं आलेले वरवरचे डाग आणि निस्तेजपणा यांसाठी १,९२७ नॅनोमीटरचा थुलियम लेसर जास्त जवळचा. तो उथळ राहतो, म्हणून खोल खड्ड्यांना त्याचा उपयोग कमी.

लाली आणि केशवाहिन्यांसाठी ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर किंवा ५३२ नॅनोमीटरचा केटीपी लेसर वापरतात. त्यांचं लक्ष्य हिमोग्लोबिन. डाय लेसरनंतर कधी कधी जांभळट चट्टे उठतात आणि ते जायला आठवडा-दीड आठवडा लागतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

१,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर मेलॅनिनमध्ये तुलनेनं कमी शोषला जातो आणि खोलवर जातो. म्हणून सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो जास्त सुरक्षित मानतात. मात्र रेषांवरचा त्याचा परिणाम सौम्य असतो. आयपीएलचं (इंटेन्स पल्स्ड लाइट) नाव तुम्ही ऐकलं असेल. तो लेसर नाहीच. तो साधारण ५०० ते १,२०० नॅनोमीटरचा सरमिसळ प्रकाश असतो आणि फिल्टर लावून वापरतात. गोऱ्या त्वचेवरच्या डागांना आणि लालीला तो चांगला. सावळ्या त्वचेवर अननुभवी हातात पडला तर त्याच्या आयताकृती टोकाच्या मापाचे भाजल्याचे पट्टे उमटू शकतात.

दुसरी पायरी: आपल्या त्वचेचा रंग लेसरच्या नजरेनं पाहा

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेच्या माणसांना होणारा मोठा त्रास इथेच टाळता येतो.

थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून एक वर्गवारी मांडली. आज तिच्यात सहा प्रकार धरतात. पहिला नेहमी भाजतो आणि कधीच रापत नाही, सहावा सर्वांत गडद. चौथ्या ते सहाव्या प्रकारात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी फार जागरूक असतात. मुरूम फुटला तरी मागे काळा डाग राहतो, डास चावला तरी राहतो. लेसरची उष्णता ही त्यांच्यासाठी तशीच एक चिथावणी असते. त्यातून येणारा काळेपणा म्हणजे दाहानंतरचा रंगबदल. तो बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. पण डाग घालवायला गेलेल्या माणसाला नवे डाग घेऊन फिरावं लागतं, याचं दुःख मोठं असतं.

धोका कमी कसा करायचा? पहिली गोष्ट म्हणजे घनता. फ्रॅक्शनल लेसरमध्ये एका बैठकीत चेहऱ्याचा किती हिस्सा तापवायचा हे ठरवता येतं. सावळ्या त्वचेवर रंगबदलाचा धोका वाढतो तो मुख्यतः घनता वाढवल्यानं. प्रत्येक ठिपक्याची ऊर्जा वाढवल्यानं त्या मानानं कमी. म्हणून खड्ड्यांसाठी खोली हवी असेल तर अनुभवी डॉक्टर ऊर्जा राखतात, घनता उतरवतात आणि बैठका वाढवतात. चारऐवजी सहा बैठका सांगितल्या म्हणून लगेच संशय घेऊ नका. सावळ्या त्वचेसाठी तो सावधपणा असू शकतो.

दुसरी गोष्ट गारव्याची. पुरेसा गारवा नसेल तर उष्णता साठत जाते. पण फवाऱ्याचा अतिरेकसुद्धा रंग बिघडवू शकतो. १,४५० नॅनोमीटरच्या डायोड लेसरसोबत वापरल्या जाणाऱ्या गार फवाऱ्यामुळेच डाग पडल्याचं दिसून आलेलं आहे. म्हणजे "गारवा आहे ना, मग काही होत नाही" हे खरं नाही.

तिसरी गोष्ट वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले तपकिरी पट्टे असतील तर ते वांग असण्याची शक्यता आहे. वांग उष्णतेनं भडकतो. लेसरनंतर महिनाभर छान दिसून पुन्हा आधीपेक्षा गडद होणं ही त्याची नेहमीची चाल. त्यावर आधी मलमं आणि कडक सूर्यसंरक्षण, लेसर अगदी शेवटी आणि तोही हलका, हाच क्रम मला योग्य वाटतो. "टोनिंग" म्हणून १,०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड (अतिशय छोट्या स्पंदांत ऊर्जा सोडणाऱ्या) लेसरच्या दर आठवड्याला बैठका घेणारेही असतात. अशा बैठका लांबल्या की पावसाचे थेंब पडल्यासारखे पांढुरके ठिपके उमटू शकतात आणि ते घालवणं वांगाहून अवघड असतं.

तिसरी पायरी: थांबायचं कोणी

त्वचा नुकतीच रापली असेल तर रंग उतरेपर्यंत, साधारण चार आठवडे, थांबा. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. त्याची घाई असण्याचं कारणच नाही. चेहऱ्यावर सुरू असलेला संसर्ग, पुळ्यांचा मोठा भडका किंवा उघडी जखम असेल तर आधी ती बरी होऊ द्या. केलॉइड म्हणजे जखमेच्या मापाबाहेर वाढणारे जाड व्रण होण्याची प्रवृत्ती असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

काही गोष्टी लोक सांगायला विसरतात, म्हणून त्या इथे.

ओठांवर अधूनमधून पाण्यानं भरलेले दुखरे फोड येत असतील तर तो हर्पिसचा विषाणू. लेसरची उष्णता त्याला जागं करते आणि तो चेहऱ्यावर पसरू शकतो. उपचाराच्या आदल्या दिवसापासून किंवा त्याच दिवसापासून विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या की हा धोका बराच टळतो. शेवटचा फोड पाच वर्षांपूर्वी आला असला तरी सांगा.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल किंवा नुकत्याच थांबवल्या असतील तर पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनं हा प्रश्न नव्यानं तपासला आणि सौम्य लेसरसाठी इतकं थांबण्याला पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं. निर्णय डॉक्टरांचा, पण माहिती लपवू नका.

प्रकाशाला त्वचा हळवी करणारी औषधं, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, चालू असतील तर सांगा. संधिवातासाठी पूर्वी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. ती कधी काळी घेतली असतील, अगदी अनेक वर्षांपूर्वी, तरी क्यू-स्विच्ड लेसरनं त्वचा कायमची निळसर-राखाडी पडू शकते. घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन जात असाल तर हा प्रश्न आवर्जून विचारा.

भुवया किंवा ओठांवर कायमस्वरूपी मेकअप गोंदवलेला असेल तर त्यावर लेसर पडता कामा नये. त्यातलं लोह ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड क्षणात काळं पडू शकतं. पुरुषांनी दाढीच्या भागाबद्दल बोलून घ्यावं. एनडी-याग आणि आयपीएल केसांच्या मुळांनाही तापवतात आणि दाढी विरळ होऊ शकते.

आणि तीळ. आकार बदलणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा रक्त येणारा तीळ आधी त्वचारोगतज्ज्ञांनी तपासल्याशिवाय त्यावर लेसर चालवायचा नाही. "डाग" म्हणून जाळलेली गोष्ट कर्करोग निघाली तर निदानाला उशीर होतो.

चौथी पायरी: डॉक्टरांसमोर बसल्यावर

यंत्राचं नाव विचारण्याआधी लेसर कोण चालवणार आहे ते विचारा. तेच यंत्र दोन हातांत दोन वेगळे परिणाम देतं. मग तरंगलांबी विचारा. "कोणत्या तरंगलांबीचा लेसर, आणि माझ्या तक्रारीसाठी तोच का?" याचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे. त्यानंतर: माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हा किती वेळा केला आहे? त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो आहेत का? किती बैठका, किती अंतरानं? काही बिघडलं तर रात्री कोणाशी संपर्क साधायचा? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर बाकीची उत्तरं कितीही गोड असोत, मी तिथे उपचार घेणार नाही.

त्वचा सावळी असेल तर चाचणीचा ठिपका मागा. कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागेवर ठरलेल्या मात्रेत लेसर देऊन चार ते सहा आठवडे वाट पाहायची. रंगबदल उशिरा येतो, म्हणून आठवडाभरातच "काही झालं नाही" असं म्हणणं फसवं ठरतं.

संमतीपत्र घरी आणून वाचा. त्या दिवशी आणखी एक काम करा: फोटो. तीच खिडकी, तोच वेळ, मेकअप नाही, केस मागे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरकस. उजेड बाजूनं पडेल असं बसा, म्हणजे खड्डे दिसतील. सहा महिन्यांनी तुमच्या स्मृतीपेक्षा हेच फोटो जास्त खरं बोलतील.

पाचवी पायरी: आधीचे चार आठवडे

यातलं मुख्य काम सनस्क्रीन. रोज, घरात असलात तरी खिडकीशी बसणार असाल तर, व्यापक संरक्षणाचं आणि किमान एसपीएफ ३० चं. प्रयोगशाळेत ३० चं सनस्क्रीन उन्हातली त्वचा भाजणारी यूव्हीबी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहरा आणि मानेसाठी लागतात. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेला दृश्य प्रकाशसुद्धा काळवंडवतो. तो अडवायला लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, साधं पांढरं तिथे कमी पडतं.

डागांची प्रवृत्ती असेल तर डॉक्टर काही आठवडे आधी रंग कमी करणारं मलम देतील. ते स्वतःच्या मनानं आणून लावू नका. ट्रेटिनॉइन किंवा ग्लायकॉलिक आम्लासारखी मलमं साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, केमिकल पील हे सगळं त्या आसपास नको. तारीखही विचार करून निवडा. लग्नसमारंभ किंवा उन्हातला प्रवास पुढच्या दोन-तीन आठवड्यांत असेल तर तारीख पुढे ढकला.

सहावी पायरी: तो दिवस

चेहरा साध्या साबणानं धुऊन, मेकअप, काजळ, कॉन्टॅक्ट लेन्स काढून जा. तिथे बधिर करणारं मलम लावतात. नेहमीचं मिश्रण म्हणजे अडीच टक्के लिडोकेन आणि अडीच टक्के प्रायलोकेन, ४५ ते ६० मिनिटांसाठी. हे मलम घरी जाडसर थापून, वर प्लॅस्टिक गुंडाळून यायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. लेसरआधी तीव्र मात्रेचं मलम पायांना लावून प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. त्यानंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं याबद्दल जाहीर इशारा दिला. औषध त्वचेतून रक्तात जातं आणि मेंदूवर व हृदयावर परिणाम करतं. कानात गुणगुण, ओठ बधिर होणं, चक्कर असं काही जाणवलं तर लगेच सांगा.

डोळ्यांचं संरक्षण झाल्याशिवाय यंत्र सुरू होता कामा नये. १,०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यात शिरला तर सरळ पडद्यापर्यंत जातो, आणि तो दिसतही नाही. खोलीतल्या प्रत्येकाला त्या तरंगलांबीचा चष्मा हवा. पापण्यांच्या जवळ काम असेल तर बुबुळावर बसवायची धातूची ढाल लागते. डोळे घट्ट मिटले की झालं, असं कोणी म्हणालं तर उठा.

त्वचेवर स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्यायला सांगा. ते पेट घेऊ शकतं. मग काम सुरू होतं. रबर बँड ताणून सोडल्यासारखे चटके आणि मागे गरमपणा, असं बरेच जण वर्णन करतात. वरचा ओठ आणि कपाळ जास्त झोंबतं. पूर्ण चेहऱ्याला साधारण वीस ते चाळीस मिनिटं. दुखणं सहन करून गप्प राहणं इथे चुकीचं आहे. एकाच जागी अचानक तीव्र कळ आली, किंवा त्वचा पांढुरकी-राखाडी पडलेली डॉक्टरांना दिसली, तर मात्रा जास्त झाल्याची ती खूण असू शकते आणि हात तिथेच थांबायला हवा.

सातवी पायरी: पहिली रात्र ते सातवा दिवस

पहिले काही तास चेहरा कडक उन्हात भाजल्यासारखा लागतो. कापडात गुंडाळलेली गार पिशवी दहा मिनिटं लावा, थोडं थांबा, पुन्हा लावा. बर्फ थेट नको. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा, नाहीतर सकाळी डोळे सुजून अर्धे मिटलेले असतील. तसे झालेच तर घाबरू नका, दोन-तीन दिवसांत उतरतात.

सुगंध नसलेलं सौम्य क्लेन्झर, कोमट पाणी, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बस. आठवडाभर ट्रेटिनॉइन, आम्लं, व्हिटॅमिन सी, स्क्रब आणि कोणताही घरगुती लेप नको. पहिले दोन-तीन दिवस गरम वाफ, घाम काढणारा व्यायाम आणि खूप गरम पाण्याची आंघोळ टाळा. दाढी त्वचा शांत झाल्यावर.

फ्रॅक्शनल लेसरनंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास चेहरा तपकिरी, धुळीनं माखल्यासारखा आणि बारीक वाळूच्या कागदासारखा लागतो. हा मळ नाही आणि डागही नाहीत. तापवलेल्या खांबांतला निकामी माल शरीर वर ढकलून बाहेर टाकत असतं. साधारण आठवड्यात तो आपोआप गळतो. रुमालानं घासून "स्वच्छ" करायचा मोह होतो, आणि सावळ्या त्वचेवर नेमकी याच घासण्यानं डागांची सुरुवात होते. हात लावू नका.

लगेच डॉक्टरांना गाठायचं ते अशा वेळी: दुसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, पाण्याचे फोड उठले, मधासारखी पिवळी खपली किंवा पू दिसला, ताप आला, डोळ्यांत दुखायला लागलं किंवा दिसण्यात फरक पडला. काळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उमटायला लागला तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता दाखवा. लवकर सुरू केलेलं मलम जास्त लागू पडतं.

आठवी पायरी: पुढच्या बैठका आणि निकाल

साधारण तीन ते सहा बैठका, दोन बैठकींत किमान चार आठवडे. सावळ्या त्वचेवर सहा-आठ आठवडे ठेवले तरी काही बिघडत नाही. मागच्या वेळची लाली किंवा काळेपणा शिल्लक असेल तर पुढची बैठक घ्यायची नाही, वेळ ठरलेली असली तरी. दर वेळी वापरलेली तरंगलांबी, ऊर्जा, घनता आणि किती वेळा फिरवलं याची नोंद मागून घ्या आणि स्वतःच्या वहीत ठेवा. डॉक्टर बदलावे लागले तर ही नोंद फार उपयोगी पडते.

तिसऱ्या बैठकीनंतर पहिल्यांदा फोटो शेजारी ठेवून पाहा. शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांनी. रेषा पुसल्या जात नाहीत, त्या उथळ होतात. खड्डे नाहीसे होत नाहीत, त्यांच्या कडा मऊ पडतात आणि बाजूच्या उजेडात सावल्या कमी दिसतात. पोत आणि सारखेपणा यांत बऱ्याच जणांना जास्त फरक जाणवतो. तीन बैठकांनंतर फोटोत काहीच हललं नसेल तर त्याच यंत्राच्या आणखी तीन घेण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला. तळाशी चिकटलेल्या खड्ड्यांना आधी सुईनं मोकळं करावं लागतं. अरुंद आणि खोल खड्ड्यांना वेगळी पद्धत लागते. तिथे लेसरनं एकट्यानं भागत नाही.

वय आणि ऊन थांबत नाहीत, त्यामुळे काही जण वर्षातून एखादी बैठक राखणीसाठी घेतात. ती घ्यायची की नाही हे सहाव्या महिन्याचा फोटो पाहून ठरवा. त्याच खिडकीशी, त्याच वेळेला, केस मागे बांधून काढलेला फोटो.